विटांतला गोवा: आपापले मॉक इथे मांडा (बलकांव, दीपस्तंभ, माटोळी वगैरे)

चिरेबंदी (म्हापसा)

लेगोच्या विटांतून स्वतः रचलेल्या कामांचा (मॉक) जुना धागा फार लांबला, म्हणून हा नवा. रिवाज तोच. फोटोबरोबर स्केल, मुख्य भागांचे नंबर आणि काम कुठे अडलं ते लिहायचं. नुसतं ‘कसं वाटलं?’ टाकलंत तर उत्तरही नुसतं ‘छान’ येईल.

सुरुवात माझ्याकडून: बलकांव (दारापुढचा खुला व्हरांडा) असलेलं गोंयकार घर. दर्शनी रुंदी ३२ स्टड (विटेवरच्या गोल गाठी, माप त्यांतच), खोली ३० स्टड, ४८ × ४८ च्या बेसप्लेटवर. स्केल १:३८, म्हणजे एक स्टड (८ मिमी) बरोबर एक फूट. मिनिफिगर (लेगोचा छोटा माणूस) या मापात जरा जाडजूड दिसते, पण दारं, पायऱ्या आणि सोपे (बलकांवातले बांधीव बाक) मनातल्या मनात फुटांत मोजता येतात. तेवढ्यासाठी हे स्केल सोडवत नाही.

भिंती साध्या, एक स्टड जाडीच्या. गिलावा गुळगुळीत असतो, म्हणून तिथे पोत मुद्दाम आणला नाही. अंगाला पिवळा, कोपऱ्यांना आणि खिडक्यांभोवती पांढरा पट्टा. बलकांवाच्या दोन्ही बाजूंचे सोपे दोन स्टड खोल आणि साधारण दीड वीट उंच, वर टाइल (बिनस्टडचा गुळगुळीत तुकडा).

दोन गोष्टी पटत नाहीत. एक, खिडक्या. १ × २ × २ ची चौकट (६०५९२) आणि तिची काच वापरली, तर शिंपल्याच्या तावदानांऐवजी पर्वरीतल्या नव्या फ्लॅटच्या खिडक्या दिसतात. दोन, छप्पर. ४५ अंशांचे उतार (३०३९, ३०४०) वापरले. ते फार उभं झालं, नाताळच्या केकसारखं.

आठ_मिमी (मडगाव)

सोप्यांची उंची झकास साधली आहे. पिवळा मात्र जरा भडक. ब्राइट लाइट ऑरेंज किंवा टॅन करून बघा. चुन्यात कालवलेला पिवळा कधी इतका चकाकत नाही.

छपराचं गणित सोपं आहे. ८-१५-१७ हा काटकोन त्रिकोण घ्या. आडवी धाव १५ स्टड, चढ ८ स्टड, कर्ण १७ स्टड. कोन सुमारे २८ अंश, म्हणजे आपल्या कौलारू छपराच्या अगदी जवळ. आणि खरी गंमत अशी की ८ स्टड म्हणजे ६४ मिमी, म्हणजे बरोबर २० प्लेट (तीन प्लेट म्हणजे एका विटेची उंची). सहा विटा आणि दोन प्लेट चढवल्या की झालं. घर ३० खोल आहे, अर्धं १५. जणू याच त्रिकोणासाठी मापलेलं.

छपराचं पान प्लेटांचं करायचं आणि आढ्याजवळ बिजागरीच्या विटेवर (३९३७ खाली, ३९३८ वर) टांगायचं. खालची कड भिंतीला स्टडने जोडू नका. भिंतीच्या माथ्यावर टाइलची ओळ लावा आणि पान तिच्यावर नुसतं टेकू द्या. बिजागरीची धुरी त्रिकोणाच्या टोकावर तंतोतंत येत नाही, शिवाय पानाला स्वतःची जाडी असते, त्यामुळे मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. टाइलवर टेकलं की ती चूक गिळली जाते. स्टडमध्ये दाबलंत तर तीच चूक आढ्यापाशी फट होऊन वर येते.

वळचण विसरू नका. १७ स्टडवर पान टेकेल, पुढे ३ स्टड बाहेर काढा, म्हणजे एकूण २०. प्लेटांचे दोन थर हवेत: खाली १६ + ४, वर ८ + १२, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. एकच थर दिला तर पान मधोमध पोक काढतं.

नळेकार (डिचोली)

वरच्यात भर. पानावर १ × २ ची जाळीदार टाइल (२४१२) लावा, खाचा उताराच्या दिशेने. लांबून मंगळुरी कौलांच्या ओळी दिसतात. हिशेब असा: पान २० × ३४ स्टड (दोन्ही बाजूंना एकेक स्टड बाहेर), म्हणजे ६८० स्टड, म्हणजे ३४० टाइल. दोन पानांना ६८०. आढ्यावर दुहेरी उताराच्या विटा (३०४४).

सगळी कौलं एका रंगात लावू नका. दहांत सहा डार्क रेड, तीन रेडिश ब्राउन, एक काळी. काळ्या वळचणीकडे जास्त आणि आढ्याकडे कमी, कारण पाणी खाली येतं आणि शेवाळ तिथे धरतं. सगळीकडे सारख्या शिंपडल्या तर छपराला गोवर आल्यासारखा दिसतो.

एक सावधगिरी. जुने रेडिश ब्राउन आणि डार्क रेड भाग ठिसूळ निघतात. क्लिप, पातळ प्लेट आणि जाळीच्या टाइल काढताना कडकन मोडतात. जुन्या खोक्यातले घेत असाल तर एकदाच बसवा, काढघाल करू नका.

मांडवी_फेरी (बेती)

८-१५-१७ कसलं लक्षात राहणार! ५-१२-१३ घ्या की. उतारही जरा कमी येतो.

आठ_मिमी (मडगाव)

घेता येईल, पण चढ ५ स्टड म्हणजे ४० मिमी. त्याच्या प्लेट किती? साडेबारा. अर्धी प्लेट आणायची कुठून? स्टड आणि प्लेट यांचा मेळ फक्त दोनाच्या पटीत बसतो: २ स्टड म्हणजे ५ प्लेट, १६ मिमी. म्हणून चढाची बाजू सम आकड्याची निवडायची. बलकांवाच्या छोट्या, उभट छपराला ६-८-१० वापरा. चढ ६ स्टड म्हणजे १५ प्लेट, नेमक्या पाच विटा. सुमारे ३७ अंश येतात आणि बलकांवाच्या टोपीला ते शोभतात.

मांडवी_फेरी (बेती)

बरं बाबा, साडेबारा पटलं.

खिडकीवाली (फोंतेन्हास)

आता खिडक्या. शिंपल्याचं एक तावदान अडीच-तीन इंचांचं. १:३८ मध्ये ते दोन मिलिमीटरचं होतं. आपल्याकडचा सगळ्यात बारीक थर ३.२ मिमीचा, प्लेटचा. म्हणजे या स्केलमध्ये एकेक तावदान दाखवणं शक्यच नाही, त्याचा नाद सोडा. तावदानांच्या उभ्या ओळी मात्र दाखवता येतात.

खिडकीचं भोक ४ स्टड रुंद आणि ५ विटा उंच ठेवा. आत प्लेटांची चळत आडवी घालायची, म्हणजे तिचे स्टड डावीकडून उजवीकडे बघतील. एक थर पारदर्शक, एक तपकिरी, असे दहा थर: १० × ३.२ = ३२ मिमी = ४ स्टड. उंची ६ स्टड = ४८ मिमी = ५ विटा. दोन्हीकडून चपखल. एका खिडकीला पारदर्शक १ × २ प्लेट (३०२३) १५, तपकिरी १ × ६ प्लेट (३६६६) ४, आणि शेवटच्या थराला तपकिरी १ × ६ टाइल (६६३६) १, म्हणजे पलीकडच्या भिंतीत स्टड घुसत नाहीत.

चळत धरायला भोकाच्या एका कडेला बाजूला स्टड असलेल्या १ × १ विटा (८७०८७) लागतात. एका खिडकीला तीन पुरतात.

चिरेबंदी (म्हापसा)

करून पाहिलं. बसत नाही. चळत वर दीड मिलिमीटर उचलली जाते आणि वरची ओळ दाबली की सगळा डाव फुगतो. ८७०८७ खालपासून लावली: वीट, दोन प्लेट, वीट, दोन प्लेट, वीट, वर दोन प्लेट. फोटो ४ पाहा.

खिडकीवाली (फोंतेन्हास)

क्रम उलटा करा. खालून दोन प्लेट, मग वीट, दोन प्लेट, वीट, दोन प्लेट, वीट. एकूण उंची तीच, १५ प्लेट.

८७०८७ च्या बाजूचा स्टड विटेच्या मध्यावर नसतो, किंचित वर असतो. त्याच्यावर लावलेल्या आडव्या प्लेटची वरची कड विटेच्या वरच्या कडेशी समपातळीत येते आणि खाली अर्धी प्लेट, १.६ मिमी, मोकळी राहते. तुमची पहिली वीट जमिनीला टेकली, म्हणून ती अर्धी प्लेट खालून घुसली आणि चळत वर गेली. वीट वरच्या कडेला लागली की हिशेब सुटतो. ४७३३ आणि ११२११ या बाजूला स्टड असलेल्या विटांनाही हाच नियम.

चिरेबंदी (म्हापसा)

बसलं! फोटो ५. पारदर्शक थरांच्या मागे टॅन रंगाची भिंत ठेवली, तर शिंपल्याची ती पिवळट झाक आपोआप येते. पांढरी ठेवली तर बर्फ दिसतो.

फोंडेकार (फोंडा)

खिडकी फार आवडली. पण तावदानंच दाखवायची असतील तर घर सोडा आणि नुसती खिडकी करा. मॉकमध्ये जो बारीक तपशील सोडायचा नाही, तो आपल्याकडच्या कुठल्या भागाएवढा आहे, तिथून स्केल काढायचं. तावदान = १ × १ वीट, म्हणजे स्केल १:८.

बांधणी तीच, फक्त मोठी. पारदर्शक १ × १ विटांचा (३००५) थर, त्यावर तपकिरी १ स्टड रुंद प्लेटचा थर, असे दहा जोड. एका जोडाची जाडी ९.६ + ३.२ = १२.८ मिमी, दहांची १२८ मिमी, म्हणजे बरोबर १६ स्टड. लांबी २० स्टड. पूर्ण झाल्यावर आडवं केलं की १६ रुंद, २० उंच असा पडदा उभा राहतो. प्रत्यक्षात सुमारे एक मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून थोडी उंच अशी खिडकी. सामान: पारदर्शक १ × १ विटा २००, १ × १२ प्लेट (६०४७९) १०, १ × ८ प्लेट (३४६०) १०. एका थरात १२ + ८, पुढच्यात ८ + १२, नाहीतर सांध्याच्या रेषेत खिडकी मोडेल.

मागून दिवा लावणार असाल तर विटेच्या पोकळीतलं गोल स्टड दिसतं. मागे ट्रेसिंग पेपर लावला की ते विरघळतं. दिवा २७०० केल्विनच्या आसपासचा, पिवळसर. पांढऱ्या दिव्यात दवाखाना दिसतो.

साडेतीन_प्लेट (वास्को)

पारदर्शकावर पारदर्शक बसवलं तर सुटत नाही, निघताना किंचाळतं. या रचनेत प्रत्येक पारदर्शक विटेच्या दोन्ही अंगांना तपकिरी प्लेट आहे, ती अडचण इथे येत नाही.

ट्रेसिंग पेपर मात्र शुद्धतावाद्यांना चालणार नाही. :)

फोंडेकार (फोंडा)

शुद्धतावाद्यांनी अंधारात बसावं.

साडेतीन_प्लेट (वास्को)

हा हा. पण एका बाबतीत मी शुद्धतावादीच. प्लेट उभी करून दोन स्टडांच्या मध्ये खोचायची सवय इथल्या दोन-तीन फोटोंत दिसते. हिशेबाने फट ८ − ४.८ = ३.२ मिमी, प्लेटही ३.२ मिमी, म्हणून बसते असं वाटतं. पण सरकायला जागा शून्य.  विटेवर कायमचा ताण राहतो, महिन्या-दोन महिन्यांत स्टड पांढुरके पडतात आणि मग पकड जाते. संगणकावरच्या आराखड्यात हे बिनदिक्कत बसतं, म्हणूनच तिथे फसायला होतं.

नवखा (काणकोण)

आराखडा कशात करता तुम्ही लोक? आणि मॉक म्हणजे काय, हे कुणी सांगेल का?

आठ_मिमी (मडगाव)

मॉक म्हणजे माय ओन क्रिएशन, सेटच्या सूचनांवाचून स्वतः रचलेलं काम. आराखड्यासाठी ब्रिकलिंकचा स्टुडिओ हा संगणकावरचा प्रोग्रॅम, फुकट आहे. त्याच्या मुळाशी एलड्रॉ नावाची पद्धत आहे, १९९५ पासूनची. तिच्यात १ × १ वीट २० × २० × २४ एककांची आणि एक एकक ०.४ मिमीचं. वर जी अर्धी प्लेट निघाली ती तिथे ४ एकक दिसते, म्हणून असल्या चुका आधीच पकडता येतात.

दोन खड्डे सांभाळा. स्टुडिओत गुरुत्वाकर्षण नाही. हवेत तरंगणारी वीटही तो मुकाट्याने काढू देतो, म्हणून स्थिरतेची तपासणी वेगळी चालवा. आणि कुठलाही भाग कुठल्याही रंगात रंगवता येतो, मग तो रंग कधी साच्यातून निघालेला असो वा नसो. यादी करण्याआधी रंगांची उपलब्धता बघून घ्या. नाहीतर सगळा आराखडा झाल्यावर कळतं की तो भाग त्या रंगात नाहीच.

नवखा (काणकोण)

आभार. भाग मागवणं इतकं महाग का पडतं?

साडेतीन_प्लेट (वास्को)

खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. मागवण्याआधी त्या दिवसाचा दर बघा. टपालाचा खर्च वजनावर असतो: २ × ४ ची एक वीट (३००१) साधारण २.३ ग्रॅम, म्हणजे हजार विटा सव्वादोन किलोंच्या पुढे. म्हणून आतला, न दिसणारा भराव इथेच मिळणाऱ्या जुन्या सेटच्या विटांचा करावा, रंग कुठलाही असो. फक्त पांढऱ्या किंवा पिवळ्या भिंतीच्या लगेच मागे लाल-काळं ठेवू नका, सांध्यांतून डोकावतं.

फोंडेकार (फोंडा)

आता माझं. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ, फोटो १ ते ६. उंची ३५ विटा, म्हणजे ३३६ मिमी, चौथरा वेगळा.

अष्टकोन करायचे दोन मार्ग. पहिला जाळ्यावरचा: चार बाजू सरळ, चार तिरप्या. सरळ बाजू ७ स्टड, तिरपीसाठी ५ आडवे आणि ५ उभे. ५ चा कर्ण ७.०७, म्हणजे ७ च्या बाजूत अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त चूक, डोळ्याला दिसत नाही. एकूण रुंदी ५ + ७ + ५ = १७ स्टड. मोठ्या कामात १२-१२-१७ त्याहून नेमका. खालच्या मजल्याला हे उत्तम.

पण वरचे मजले निमुळते होत जातात आणि ६, ५, ४ च्या बाजूंना जाळ्यावर असा नेमका जोड मिळत नाही. तिथे दुसरा मार्ग: आठ भिंती बिजागरीच्या प्लेटांनी (२४२९ आणि २४३०) साखळीसारख्या जोडायच्या आणि वर्तुळ बंद करायचं. आठही बाजू सारख्या असल्या तरी माळ ढिलीच राहते, म्हणून प्रत्येक कोन १३५ अंशांवर आपण बसवायचा. ही माळ खालच्या मजल्याला कुठेही जोडायची नाही. मधून २ × २ गोल विटांचा (३९४१) खांब, त्यातून टेक्निक (लेगोचे यांत्रिक भाग) दांडा, आणि प्रत्येक मजल्याच्या माथ्यावरची प्लेट त्या खांबाला. भिंती नुसत्या टेकतात.

बाजूच्या २.४१ पट रुंदी येते: ७ ला १७, ६ ला साडेचौदा, ५ ला १२, ४ ला साडेनऊच्या पुढे. मजल्यांच्या बाजू मी ७, ६, ६, ५, ५, ४, ४ घेतल्या. सरळ ७, ६, ५, ४, ३ अशा उतरवल्या तर दीपस्तंभाचा नारळाचा झाप होतो.

प्रत्येक बाजूला कोनाडा: १ × ३ ची कमान (४४९०), आत पारदर्शक नारिंगी १ × १ गोल प्लेट. ७ × ८ = ५६ ज्योती. ४ च्या बाजूला कमानीनंतर एकच स्टड उरतो, कमान मध्यावर यायला अर्ध्या स्टडची सरक हवी. त्यासाठी जंपर प्लेट (१५५७३, मध्यावर एकच स्टड असलेली) खाली द्या.

खिडकीवाली (फोंतेन्हास)

फोटो ३ मधला संध्याकाळचा प्रकाश अप्रतिम! मजल्यांच्या मधल्या पट्ट्या कशाच्या?

फोंडेकार (फोंडा)

चीज स्लोप (५४२००, छोटे तिरपे तुकडे) उलटसुलट. तिरप्या कोपऱ्यांवर फट राहते, तिथे १ × १ गोल टाइल (९८१३८) झाकण म्हणून.

गोपुरम (साखळी)

सुरेख काम. एक सूचना: पांढरा जुना वापरला आहे, दोन छटा दिसतात. खालचे दोन मजले पिवळट आहेत.

साडेतीन_प्लेट (वास्को)

ऊन आणि हवेचा परिणाम. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं तर पांढरेपणा परततो, पण तो टिकतोच असं नाही, आणि जास्त वेळ ठेवल्यास वरचा थर खडूसारखा होतो. त्यापेक्षा पिवळट विटा आतल्या भिंतीला घालाव्यात. किंवा मुद्दाम सगळ्या मजल्यांत मिसळाव्यात, मग चुनाच जुना वाटतो.

मांडवी_फेरी (बेती)

माझं पणजीचं चर्च, आमच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन मायचं. मला फक्त त्या नागमोडी जिन्यांत रस होता. फोंडेकारांचा नियम लावला: सोडायचा नाही तो तपशील म्हणजे जिन्याचा कठडा. पांढरं जाळीचं कुंपण (३६३३) एक वीट उंच. कठडा मीटरभर उंच धरला तर स्केल १:१०५ च्या आसपास. मग बाकी सगळं त्या मापाने.

जिना एका स्टडला एक प्लेट चढतो, सुमारे २२ अंश. कठडा पायऱ्यांबरोबर टप्प्याटप्प्याने चढवला तर करवत दिसते, म्हणून तो तिरप्या प्लेटवर घेतला. धाव १५ स्टड, चढ १५ प्लेट म्हणजे ६ स्टड, कर्ण १६.१६. म्हणून २ × १६ ची प्लेट (४२८२) आणि तिच्यावर चार कुंपणं. उरलेली सव्वा मिलिमीटरची फट वळणावरच्या खांबाच्या मागे लपते.

चूक कुठे झाली तर खांबांत. आधी खांब बांधले आणि मग कठडे बसवायला गेलो, तर तिरपी प्लेट आत जाईना. क्रम: जिना, कठडा, शेवटी खांब.

गोपुरम (साखळी)

पायऱ्यांची निळसर सावली कशी आली?

मांडवी_फेरी (बेती)

पायऱ्यांच्या खालचा थर लाइट ब्लूइश ग्रेचा आहे, पांढऱ्या प्लेटची कड पुढे काढली. सावली पडते ती खरी.

नळेकार (डिचोली)

जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल कुणी करतंय का? केलंत तर प्रत्येक फोटोखाली लिहून ठेवा की एकच बुरूज बरोबर आहे, दुसरा १७७६ मध्ये कोसळला. नाहीतर ‘दुसरा बुरूज राहिला’ अशी पंचवीस उत्तरं येतील.

चिरेबंदी (म्हापसा)

आणि जुन्या गोव्याचं बॉ जेझूस चर्च करणाऱ्यांना प्रश्न: गिलावा नसलेला जांभा दाखवायचा कसा? माझ्या घराचं जोतंही त्यातच आहे.

नळेकार (डिचोली)

चार रंग: डार्क ऑरेंज, मिडियम नौगट, रेडिश ब्राउन, डार्क रेड. पहिले दोन जास्त. १:३८ ला एक चिरा साधारण एक-दीड स्टड लांब आणि दीड प्लेट उंच. दीड प्लेट मिळत नाही, म्हणून दोन प्लेटचा थर धरा, फसवणूक कळत नाही. १ × १ आणि १ × २ प्लेटांच्या जोड्या, सांधे मागेपुढे.

सगळी भिंत अशी करू नका. मोठ्या सपाट भागात साध्या विटा, आणि कोपरा, जोतं, कमानीची कड एवढ्याच ठिकाणी चिरे. गिलावा पडलेला दाखवायचा असेल तर पांढरा थर एक टाइल पुढे घ्या आणि फाटलेल्या कडेला १ × १ टाइल अनियमित सोडा. अख्खी भिंत ठिपक्यांची केली की नजर कुठेच थांबत नाही. चर्चच्या बाबतीत बहुतेक लोक इथेच घसरतात, उत्साहाच्या भरात.

तोरिंग (केपे)

माझं सगळ्यांपेक्षा वेगळं: चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळांची मांडणी). माटी (वरची चौकट) ३२ × २४ स्टडची, टेक्निक बीमची, त्याखाली लोंबती फळं. केळ्यांचा घड (३३०८५ चे १४ नग एका दांडीवर), सुपारीची कातरी (नारिंगी १ × १ गोल प्लेट), नारळ, चिबूड, तोरिंग, आंबाड्यांचे झुबके, कांगलां (रानफळं).

प्रश्न: टांगल्यावर दुसऱ्या दिवशी अर्धा बाजार जमिनीवर. पकड कमी पडते का?

साडेतीन_प्लेट (वास्को)

पकड कमी नाही, दिशा चुकली. स्टडची पकड सरळ ओढली की सुटण्यासाठीच आहे, विटा काढता याव्यात म्हणून. लोंबणारं वजन अगदी त्याच दिशेने सतत ओढतं आणि वरच्या पंख्याची थरथर त्याला हातभार लावते. वजन कधी स्टडवर टांगू नका, दांडीवर टांगा. प्रत्येक फळाच्या मधून टेक्निक दांडा वरपासून खालपर्यंत जाऊ द्या आणि खाली बुश (दांड्यावर घट्ट बसणारी कडी) लावा, म्हणजे फळ बुशवर बसेल. वर माटीच्या बीममधल्या छिद्रात पिन. मग स्टडला फक्त आकार धरायचा असतो.

जड फळं (नारळ, चिबूड) बीमच्या टोकांशी आणि आधाराच्या जवळ, हलकी मधोमध. मध्ये वजन आलं की माटीला झोळ पडतो. ३२ स्टडच्या लांबीला एकेरी बीम पुरत नाही, दोन शेजारी घेऊन दर सहा-आठ स्टडांवर पिनांनी शिवा.

खिडकीवाली (फोंतेन्हास)

कांगलां कशी केलीत? लाल तोंड उघडं आहे!

तोरिंग (केपे)

लाल १ × १ गोल विटेवर (३०६२) पिवळी गोल प्लेट, तिच्यावर काळी गोल टाइल. एवढंच. स्केल मोठं असल्यामुळे कांगलां सुटत नाहीत. केळी मात्र मिनिफिगरची आहेत, ती मापात लहान पडतात. वेलचीची केळी म्हणून खपवली.

साडेतीन_प्लेट, बुशचा उपाय लागू पडला. चिबडासाठी ३९४१ च्या चार विटांमधून दांडा, खाली बुश. हलवून बघितलं, एक दाणा पडला नाही.

नवखा (काणकोण)

पावसाळ्यात हे सगळं ठेवता कसं?

आठ_मिमी (मडगाव)

एबीएसला (विटांच्या प्लॅस्टिकला) दमट हवेचं काही होत नाही. होतं ते बाकीच्यांना. स्टिकर सुटतात, कागदी सूचनापुस्तिकांना बुरा येतो, पुठ्ठ्याची खोकी मऊ पडतात आणि बॅटरीच्या पट्ट्या खाऱ्या हवेत हिरव्या होतात. मे संपायच्या आत सेल काढून ठेवा. रबराचे पट्टे ताणलेले ठेवू नका. सुटे भाग झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सोबत सिलिका जेल, आणि ते दर महिन्याला वाळवा.

धुवायचं असेल तर पाणी ४० अंशांच्या वर नको, साबण सौम्य. पावसाळ्यात धुऊ नयेतच, पोकळीतलं पाणी सुकत नाही आणि आत पांढरे डाग पडतात. धुतलेच तर विटा पोकळी खाली करून पंख्याखाली दोन दिवस. शेवटचं विसळणं आरओच्या पाण्याने केलं की पारदर्शक भागांवर डाग राहत नाहीत.

काचेच्या कपाटाला मागे दोन बोटांची फट ठेवा. आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मॉक विसरू नका. वीट वितळत नाही, पण लांब प्लेटा वाकतात आणि परत सरळ होत नाहीत.

गोपुरम (साखळी)

फोटोंबद्दल एक राहिलं. आता ढगाळ उजेड आहे, त्याच्याइतका चांगला दिवा नाही. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मागे करडा कागद वाकवून. फोनची मोठी केलेली लेन्स वापरा आणि मागे सरका. जवळून साध्या लेन्सने काढलं की बलकांव फुगतो आणि मागचं घर पळून जातं. कॅमेरा मिनिफिगरच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून काढलेला फोटो म्हणजे ड्रोन.

चिरेबंदी (म्हापसा)

नवं छप्पर बसलं, फोटो ९. ८-१५-१७, वळचण ३ स्टड, टाइल नळेकारांनी सांगितलेल्या प्रमाणात. ६८० धरल्या होत्या, लागल्या ६४६. आढ्याशी दोन्ही पानांची वरची एकेक ओळ ३०४४ खाली जाते, ३४ स्टडच्या ओळीला १७ टाइल, दोन पानांच्या ३४. यादी करणाऱ्यांनी तेवढ्या कमी मागवा.

नळेकार (डिचोली)

कमी नको. ३४ जादा असू देत. रेडिश ब्राउन आहे, मोडणार.